पिवळा डाग कुठं कुठं निघाला: तणनाशक मारणाऱ्याच्या चार गोष्टी

बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याला आमचं गाव. स्वतःचं रान दीड एकर, तेही दोन तुकड्यांत. त्यामुळं गेली एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रानात औषध मारायला जातो. पंपामागं पैसे. यंदापासून भाचा माझ्याबरोबर येतोय. त्यानं बॅटरीचा पंप घेतला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "मामा, ह्यात शिकायचं काय? पाणी, औषध, बटण." त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण त्याच्यासारखी पोरं आता गावोगाव पंप घेऊन निघाली आहेत. भांगलायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. तण मात्र कुणासाठी थांबत नाही.

आधी पिवळ्या डागाचं सांगतो. हे काम धरून पाच-सहा वर्षं झाली होती. जूनमध्ये एकाच्या भुईमुगात पेरणीच्या दुसऱ्या दिवशी पेंडिमेथॅलिन मारलं. हे औषध नारिंगी-पिवळं असतं, पाण्यात पडलं की हळद घातलेल्या दुधासारखं दिसतं. दिवसभरात अंगावर थेंबसुद्धा सांडला नाही, असं मी त्या दिवशी शपथेवर सांगितलं असतं. संध्याकाळी बायकोनं बनियन धुवायला घेतलं आणि मला हाक मारली. कमरेच्या वर, पंप टेकतो तिथं भाकरीएवढा पिवळा डाग. मग आम्ही दोघं बघतच सुटलो. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं. तंबाखूच्या डबीचं झाकण पिवळं. सायकलची मूठ, दाराची कडी, न्हाणीतल्या तांब्याचा काठ, सगळीकडं डाग. आणि घरी आल्या आल्या पोरीला उचललं होतं, तिच्या फ्रॉकवर दोन बोटं उमटलेली.

बाकीची बहुतेक तणनाशकं असा डाग सोडत नाहीत. म्हणजे तीसुद्धा इतकी वर्षं ह्याच वाटेनं माझ्या घरात येत होती, मला दिसत नव्हती एवढंच. त्या दिवसापासून मी काम डागाच्या हिशेबानं करतो. आता हात कुठं लावला, डाग कुठं गेला असता? खाली जे लिहिलंय ते सगळं ह्याच प्रश्नातून आलंय.

दुकानापासून सुरुवात करूया. "तण मारायचं औषध द्या" असं म्हणू नका. पीक कुठलं, पेरून किती दिवस झाले, तण रुंद पानाचं की गवत, हे सांगा आणि औषधाचं रासायनिक नाव विचारा. कंपनीची नावं पन्नास असतात, आतला माल तोच असतो. पक्की पावती घ्या, त्यावर बॅच नंबर असू दे. बाटलीवरची मुदत तिथंच बघा.

बाटलीबरोबर घडी केलेलं पत्रक येतं. आपल्याकडं मिळणाऱ्या मालावर बऱ्याचदा इंग्रजी, हिंदी आणि कन्नड असतं, मराठी असेलच असं नाही. मी मराठी शाळेतला, मला कन्नड बोलता येतं पण वाचायला अडखळतो. भाचा कन्नड शाळेत शिकलाय, तो वाचतो. तुम्हाला कुणी वाचणारं नसेल तर हिंदी वाचा, पण वाचा. त्यात पीक, एकरी किंवा हेक्टरी मात्रा, विषबाधेची लक्षणं, प्रथमोपचार आणि उतारा असं सगळं असतं. उताऱ्याच्या जागी "विशिष्ट उतारा नाही" असं लिहिलेलं दिसलं तर ती बाटली हातात धरायची पद्धतच बदलली पाहिजे.

लेबलावर एक तिरपा उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या त्रिकोणात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं आमच्यातले बरेच जण धरून चालतात. हिरवा म्हणजे चौघांतला सगळ्यात कमी विषारी, इतकंच.

आता पॅराक्वाट. ह्याच्यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण आमच्या भागात ह्याचं भारी कौतुक. सकाळी मारलं की दुपारी गवत माना टाकतं, दोन दिवसांत रान करपतं. मालक खूश. मातीत पडलं की ते मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि त्याचा जोर जातो, म्हणून पुढच्या पिकाला त्रास होत नाही असं म्हणतात, ते खरं आहे. पण माणसाच्या पोटात माती नसते. लेबलावर ह्याचा त्रिकोण पिवळा, लालसुद्धा नाही, आणि तरी ह्याला उतारा नाही. दाट औषधाचा एक घोट माणसाचा जीव घेऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे माणूस लगेच पडत नाही. तोंड-घसा भाजल्यासारखं होतं, उलट्या होतात, मग एखाद-दोन दिवस तो बरा वाटतो, बोलतो, घरी सोडा म्हणतो. तोवर आत मूत्रपिंड आणि यकृत बिघडत असतं. पुढं काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत, फुप्फुसं घट्ट होत जातात आणि श्वास पुरत नाही.

फवारणाऱ्याला घोट घ्यायची गरज नाही. गळका पंप दिवसभर पाठीवर असेल, कातडी ओली राहून सोलवटली असेल, तर जखमेतून ते आत जातं. दाट औषध बोटांवर वारंवार आलं की नखांवर पांढरे पट्टे उठतात, नखं सुटून येतात. बारीक तुषार नाकात गेले तर नाकातून रक्त येतं. डोळ्यात उडालं तर त्या क्षणी थोडंच झोंबतं, खरी इजा नंतर वाढत जाते.

स्वित्झर्लंडनं हे १९८९ मध्ये बंद केलं, युरोपीय संघात २००७ पासून नाही, आपल्या देशात केरळनं २०११ मध्ये बंदी घातली. आपल्याकडं दुकानात मिळतं. मी चार वर्षांपूर्वी ठरवलं, पॅराक्वाट मारायचं नाही. दोन गिऱ्हाइकं तुटली. असं ठरवायला कारण घडलं ते असं. एका रानात मालकानं मोठ्या कॅनमधून थोडं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून आणलं होतं, "कशाला आख्खा कॅन उचलायचा" म्हणून. बाटली बांधावर, जेवणाच्या पिशवीशेजारी. उन्हातून आलेल्या एका गड्यानं ती उचलून झाकण फिरवलंसुद्धा. मी ओरडलो म्हणून थांबला. त्याची काय चूक? कोल्ड्रिंकच्या बाटलीत कोल्ड्रिंकच असणार असं कुणालाही वाटेल. म्हणून एवढं पाळाच: तणनाशक कुठलंही असो, मूळ बाटलीतून दुसऱ्या बाटलीत जाता कामा नये. शेजाऱ्याला "वाटीभर दे" म्हटलं तरी नाही. द्यायचं तर लेबलासकट आख्खी बाटली द्या.

घरात ते कुलपात ठेवा. पत्र्याची पेटी, किल्ली एकाच माणसाकडं, माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोनाड्यात उघडं नको. लहान मुलं हे एक कारण. दुसरं कारण सगळ्यांना ठाऊक असतं पण बोलत कुणी नाही. रागाच्या, निराशेच्या एका घटकेत हाताला काय लागतं ह्यावर कधी कधी सगळं ठरतं, आणि कुलूप ती घटका टळायला वेळ देतं. घरात कुणाचं मन ठिकाणावर नसेल तर त्या दिवसांत पेटीच दुसरीकडं नेऊन ठेवा. आणि त्या माणसाजवळ बसा. १४४१६ ह्या सरकारी नंबरावर फोन लावून त्याच्याशी कुणाला तरी बोलू द्या.

ग्लायफोसेटचंही थोडं सांगतो, कारण बांधावर मारायला सगळे तेच मागतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं अधिसूचना काढली की ते फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांकडूनच वापरलं जावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये त्याला "बहुधा कर्करोग करणारं" ह्या गटात टाकलं, अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामकांचं म्हणणं वेगळं पडलं. हा वाद माझ्यानं सुटणारा नाही. माझ्याकडं परवाना नाही, एवढं मला कळतं. बांधाला मी यंत्रानं गवत कापून देतो, दर वेगळा.

आता मापाचं. "पंपाला दोन झाकणं टाक" हे जे सगळीकडं चालतं ना, त्यानं निम्मी भानगड होते. झाकणं वेगळी, पंप वेगळे, चालणाऱ्याची चाल वेगळी. असं करा. पंपात नुसतं पाणी मोजून भरा. एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा, काठ्या रोवून आखा. नेहमीच्या चालीनं तेवढी फवारा. किती पाणी गेलं? समजा ५ लिटर. एकरात ४० गुंठे, म्हणजे २०० लिटर. पंप १६ लिटरचा असेल तर साडेबारा पंप. पत्रकात एकरी १ लिटर औषध लिहिलं असेल तर पंपाला ८० मिली. पत्रकात हेक्टरी आकडा असेल तर अडीचनं भागून एकरी काढा. मोजायला रेघा असलेलं प्लॅस्टिकचं मापटं घ्या, त्यावर भडक रंग मारा, म्हणजे ते कधी चहा-पाण्याच्या भांड्यांत जाणार नाही. भाच्यानं हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा त्याचा पंप एका गुंठ्याला आठ लिटर ओकत होता. नोझल झिजलेलं होतं. तसाच मारत गेला असता तर पिकाला दीडपटीहून जास्त औषध गेलं असतं आणि दोष दुकानदाराला मिळाला असता.

नोझलवरून आठवलं. कीटकनाशकाचं नोझल गोल फिरतं धुकं टाकतं, ते तणनाशकाला नको. तणनाशकाला चपट्या पंख्यासारखं पडणारं नोझल लागतं, थेंब जाड, दाब कमी. थेंब जितका बारीक तितका तो वाऱ्यावर दुसऱ्याच्या रानात आणि तुमच्या नाकात. पिकाच्या ओळीतून मारायचं तर नोझलला प्लॅस्टिकची टोपी लावा, दुकानात मिळते.

सगळ्यात धोक्याचं काम कुठलं विचाराल तर फवारणी नव्हे, बाटली उघडून पंपात ओतणं. पंपात असतं ते पाण्यात पातळ केलेलं, बाटलीत असतं ते अस्सल. आणि नेमकं तेव्हा आमचा माणूस म्हणतो, "अजून सुरू कुठं केलंय, हातमोजे नंतर घालूया." उलटं करा. हातमोजे रबराचे, नायट्राईल म्हणून मिळतात ते, कोपराकडं जरा लांब असलेले. कापडी मोजे औषध पिऊन कातडीला धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात धुतलेला बरा. डोळ्यांवर चष्मा किंवा तोंडासमोर पारदर्शक शील्ड. पुढं एप्रन. महागाचा नसला तर पत्र्यावर टाकायच्या जाड प्लॅस्टिकचा कापलेला तुकडा चालतो, मी तोच बांधतो. बाटली जमिनीवर ठेवून उघडा, मांडीत धरून नको. वरचा पत्रा दातानं फाडणारे महाभाग मी पाहिलेत. पंपात आधी निम्मं पाणी, मग औषध, मग राहिलेलं पाणी. वाऱ्याला पाठ करून ओता. ढवळायला काठी, हात नव्हे.

पाणी स्वच्छ घ्या. ओढ्याचं गढूळ पाणी घेतलं तर पॅराक्वाट, ग्लायफोसेट दोन्ही त्यातल्या मातीला चिकटून वाया जातात. पण स्वच्छ पाण्यासाठी पंप किंवा औषधाची बादली विहिरीत बुडवू नका, मोटारीची नळी पंपातल्या पाण्यात बुडेल अशी सोडू नका. मोटार बंद पडली की नळी उलटं ओढते. वेगळ्या घागरीनं पाणी आणा, विहिरीपासून लांब जाऊन मिसळा.

आता अंगावरचं. भाकरीएवढा डाग कमरेवर का आला होता? पंपाचं झाकण नीट बसत नव्हतं, वायसर गेलं होतं आणि वाकलं की दोन थेंब पाठीवर. वीस रुपयांचं काम. आता मी रानात जायच्या आदल्या दिवशी नुसतं पाणी भरून पंप पाठीवर घेतो, दहा मिनिटं वाकत-उठत चालतो, मग पाठीला हात लावून बघतो. कोरडी असली तरच पंप रानात. नळी जोडते ती जागा, लान्सचं म्हणजे फवारायच्या दांडीचं बटण, झाकण, ह्या तीन ठिकाणी गळतं. शिवाय पाठ आणि पंप ह्यांच्यात जाड प्लॅस्टिक ठेवतो.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट, गमबूट. पँट बुटाच्या बाहेर, आत नको, नाहीतर मांडीवरून ओघळलेलं सगळं बुटात साचतं. तणनाशक खाली मारतो, त्यामुळं बाही मोज्याच्या वर येऊ द्या. नाकाला बांधलेला रुमाल घाम आणि औषध दोन्ही पितो आणि तासाभरात तोच नाकावर औषधाची पट्टी होऊन बसतो. मास्क घ्या. २०१७ मध्ये यवतमाळकडं कापसात फवारताना शेतकरी-मजूर दगावले, ती कीटकनाशकं होती, पण त्या बातमीनंतर मी पहिल्यांदा मास्क विकत घेतला, हे कबूल करतो.

आणि तंबाखू. आमच्या बाजूला, निपाणीपासून इकडं, हा विषय काढला की माणसं हसतात. पण नीट बघा, तळहातावर तंबाखू, चुना, अंगठ्यानं मळायचं आणि ओठात धरायचं. पिवळा अंगठा आणि पिवळी डबी मला त्याच दिवशी दिसली. विष तोंडात घालायची ह्याहून सोपी युक्ती नाही. डबी आता घरी असते. दुपारी हात-तोंड साबणानं धुतल्याशिवाय भाकरी सोडत नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, जुना दात घासायचा ब्रश खिशात ठेवा.

वारा बघायला पानं बघा. पानं जरा हलतात, फांदी हलत नाही, अशा वाऱ्यात मारा. अगदी निपचित पहाट, धुकं जमिनीला टेकलेलं, तेव्हाही नको. बारीक थेंब हवेत लोंबकळतात आणि भलतीकडं जाऊन उतरतात. वाऱ्याच्या आडव्या दिशेनं चाला, मारलेल्या ओल्या गवतातून परत फिरू नका. दुपारचं ऊनही टाळा, विशेषतः २,४-डीला.

हे २,४-डी मका, ऊस, भात ह्यांना काही करत नाही, रुंद पानाचं तण मारतं. पण टोमॅटो, मिरची, कापूस, द्राक्ष, आमची रताळी, निपाणीकडची तंबाखू हीसुद्धा रुंद पानाचीच. त्याला तण आणि पीक कळत नाही. त्यातला इथिल इस्टर नावाचा प्रकार उन्हात वाफ होऊन उडतो, मारून झाल्यावरसुद्धा. शेजारी असली पिकं असतील तर मी ते मारतच नाही. माझी स्वतःची फजिती वेगळीच. मक्यात २,४-डी मारलं, पंप दोनदा पाण्यानं विसळला आणि दोन दिवसांनी त्याच पंपानं स्वतःच्या मिरचीला किडीचं औषध मारलं. आठवड्यात शेंडे वेडेवाकडे, पानं दोरीसारखी. रोग समजून मी आणखी औषध आणायला निघालो होतो. दुकानातल्या म्हाताऱ्या माणसानं पान बघितलं आणि विचारलं, "पंप कुठला होता?"

तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगानं "तण" असं लिहिलंय. कन्नडमध्ये तणाला कळे म्हणतात, भाच्यानं दुसऱ्या बाजूला कन्नडातून तेही लिहिलं, कारण पंप मागायला येणारे दोन्ही बोलणारे. वेगळा पंप परवडत नसेल तर पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून पंप भरा, थोडं लान्समधून सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी रानातच रिकामा करा आणि साध्या पाण्यानं दोनदा धुवा. तरी भाजीपाल्याला मी तो पंप लावणार नाही.

धुतलेलं पाणी ज्या रानात औषध मारलं त्याच रानात फवारून संपवा. ओढ्याला जाऊन पंप बुचकळायची सवय आमच्याकडं जुनी. जूनच्या पहिल्या पावसात पोरं ओढ्यावर चढणीचे मासे धरायला जातात, कुर्ल्या शोधतात. नेमका तोच तणनाशकाचा हंगाम.

रिकामी बाटली पंप भरतानाच धुवा. पाव बाटली पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट हलवा, ते पाणी पंपात. असं तीनदा. औषधही वाया जात नाही. मग बाटलीला खिळ्यानं भोकं पाडा, म्हणजे ती तेलाला, रॉकेलला, परसाकडला नेण्याच्या लायकीची राहत नाही. जाळू नका.

आता एक गोष्ट, जी पत्रकात सापडत नाही. तणनाशक मारलेलं रान लगेच मारल्यासारखं दिसत नाही. ग्लायफोसेट मारलेला बांध आठवडाभर हिरवागार राहू शकतो. पावसाळ्यात बायका बांधावरून म्हशीला गवत कापतात, कुर्डू, टाकळा, पाथरीची भाजी खुडतात. त्यांना काय माहीत काल तिथं काय पडलं? एकदा मी मारलेल्या बांधावर दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विळा घेऊन बसलेल्या. भारा अर्धा झालेला. टाकून द्यायला सांगितलं तेव्हा दोन शिव्या खाल्ल्या, बरोबरच होत्या. आता काम झालं की रानाच्या दोन्ही टोकांना काठीवर लाल चिंधी बांधतो आणि घरी जाताना वाटेत सांगत जातो. माणसांनी निदान एक दिवस तरी त्या रानात शिरू नये, गवत जनावरांसाठी पंधरा दिवस कापू नये, असं मी सांगतो. पत्रकात जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे.

विषबाधा झाली तर काय, हे पंपाच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून चिकटवा, तेव्हा आठवत नाही. अंगावर दाट औषध सांडलं तर कपडे तिथंच उतरवा, लाजू नका, साबणानं आणि भरपूर पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. डोळ्यात गेलं तर पापणी उघडी धरून तेवढाच वेळ पाणी, मग दवाखाना, बरं वाटलं तरी. पोटात गेलं तर उलटी करवू नका, मीठ-पाणी, तेल, दूध, तूप काही पाजू नका, वर येताना ते दुसऱ्यांदा भाजतं किंवा छातीत उतरतं. १०८ लावा किंवा मिळेल त्या गाडीनं थेट मोठ्या दवाखान्यात, आमच्याकडून बेळगावचं जिल्हा रुग्णालय. बाटली किंवा निदान लेबल बरोबर न्या. "शेतातलं औषध प्यालाय" एवढंच सांगितलं तर डॉक्टरला आधी किडीचं औषधच आठवणार, आणि त्यावर उतारा म्हणून चालणारं ॲट्रोपीन पॅराक्वाटवर काम करत नाही. पॅराक्वाट असेल तर ते नाव पहिल्या वाक्यात सांगा. त्यात विनाकारण दिलेला ऑक्सिजनसुद्धा फुप्फुसाचं नुकसान वाढवतो, म्हणून डॉक्टरला नाव आधी कळलं पाहिजे. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ ह्या नंबरावर फुकट बोलतं. डॉक्टरलाही तो नंबर द्या.

घरी आल्यावर मोजे हातात असतानाच साबणानं धुवा, मग काढा. कपडे अंगणात उतरवा, घरातल्या धुण्यात घालू नका, वेगळ्या बादलीत, मोजे घालून, ज्याचे त्यानं धुवावेत. हा शेवटचा नियम आमच्या बायकोचा. ती म्हणाली, "तुमचं विष मी का चोळू?" आणि त्याला उत्तर नव्हतं. आंघोळ होईपर्यंत पोरांना जवळ घेऊ नका.

ह्या जूनमध्ये भुईमुगाचं पहिलं पेंडिमेथॅलिन भाच्याच्या हातून मारवून घेतलं. मुद्दाम जुना पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लावला. संध्याकाळी अंगणात उभा करून दोघांनी डाग शोधले. पाठ कोरडी, मोज्यांच्या आत बोटं पांढरी, कॉलर साफ. तो खूश झाला आणि फोटो काढायला मोबाईल हातात घेतला. मोबाईलच्या मागच्या कव्हरवर चार पिवळी बोटं. कधी वाजला, कधी उचलला, त्याला आठवत नव्हतं. आता मोबाईल बांधावरच्या चपलेत ठेवून मग पंप उचलतो.